मोंजियामावशीला काय आवडतं

ट्युनिशियात, आमच्या बू सालेम गावच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. गेल्या हिवाळ्यात वर्गात सात जण होते. त्यांतले दोघे नवरा-बायको, लारूसीकाका आणि मोंजियामावशी. काका रेल्वेच्या फाटकावर उभी हयात काढून निवृत्त झालेले. मावशी घरी रव्याचे बारीक दाणे, म्हणजे कुसकुस, वळायच्या. अर्ध्या गावाचा कुसकुस त्यांच्याच हातचा.

त्यांची मुलगी नजला लग्न करून इंग्लंडात लीड्सला गेली, आणि तिची सात वर्षांची सिरीन इंग्रजीशिवाय काही बोलत नव्हती. एका रविवारी तिनं फोनवर विचारलं, ‘आजी, तुला कसल्या गोष्टी आवडतात?’ मावशींना काही उमजलं नाही. त्या आपल्या ‘येस, येस’ करत राहिल्या. पोर कंटाळून उठून गेली. मग नजलानं अर्थ सांगितला तेव्हा मावशींना रडूच आलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात.

“पोरी, मला फार नको शिकवूस. गोष्टींबद्दल बोलता आलं म्हणजे झालं. आणि ह्यालाही घे वर्गात. घरी बसून नुसता खिडकीतून गाड्या मोजतो.”

म्हणून आम्ही गोष्टींपासूनच सुरुवात केली. भुताची गोष्ट, प्रेमाची गोष्ट, चोर-पोलिसांची, हसवणारी, समुद्रावरच्या सफरीची. ‘आय लाइक’ एका दिवसात जमलं. घोडं अडलं ते ‘ही लाइक्स, शी लाइक्स’पाशी. आमच्या अरबीत क्रियापद तोंडाशी बदलतं, इंग्रजीत शेपटीशी. त्यामुळे शेवटचा ‘स’ सगळ्यांच्याच तोंडून निसटायचा.

काकांनी तोड काढली. “गाडी एकट्या माणसाची असली की मागे गार्डाचा डबा जोडायचा. ही, शी, इट. डबा नाही तर सिग्नल नाही!”

त्यानंतर कुणी ‘स’ विसरलं की अख्खा वर्ग ओरडायचा, “डबा राहिला!”

चौथ्या शनिवारी मी सांगितलं, आज प्रत्येकानं शेजारच्याला काय आवडतं ते सांगायचं. काका ताडकन उठले. कोट सारखा केला, आणि फळ्यावरचं न बघता, एकही चूक न करता म्हणाले, “शी लाइक्स घोस्ट स्टोरीज. शी प्रिफर्स घोस्ट स्टोरीज टू लव्ह स्टोरीज.”

मी टाळ्या वाजवल्या. डबा तर जोडला होताच, वर ‘प्रिफर’नंतरचा ‘टू’सुद्धा जागच्या जागी.

मावशी मात्र त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “कोण शी?”

“तू, दुसरी कोण?”

“मला भुताच्या गोष्टी आवडतात? मला?” मावशी इंग्रजी विसरल्या. “अरे माणसा, अडतीस वर्षं झाली, मला रात्री अंगणातल्या नळापर्यंत एकटीला जाववत नाही, ते तुझ्या त्या भुतांमुळेच!”

वर्गात हशा पिकला. काका हसले नाहीत. “मग रोज दुपारी कुसकुस वळताना ऐकायचीस त्या कशाला?”

“तुला सांगायला आवडतं म्हणून ऐकायचे! फाटकावरून यायचास तो चेहरा असा फुललेला. मी कशाला मोडता घालू?”

“मला?” काका मटकन खाली बसले. “मला कुठे आवडतात? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुला विहिरीतल्या हडळीची गोष्ट सांगितली, तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. मला वाटलं, हिला हेच आवडतं. मग लाइनमनना चहा पाजून पाजून नव्या गोष्टी जमवल्या मी. पार शेवटच्या गार्दिमाऊ स्टेशनापर्यंतचं एक भूत सोडलं नाही!”

“भीतीनं धरला होता हात!”

“आता सांगतेस?”

“तू विचारलंस कधी? आज ह्या पोरीनं विचारायला लावलं तेव्हा कळतंय!”

आता हसावं की गप्प बसावं, वर्गाला कळेना. मीच धीर करून म्हटलं, “मग मावशी, तुम्हाला काय आवडतं ते सांगा की. इंग्रजीत.”

मावशींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. “आय लाइक पोलीस स्टोरीज. आय लाइक...” मग आपल्या बोलीत म्हणाल्या, “खून झालेला असावा आणि खुनी कोण ते मला आधीच कळावं.” कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला ग्रंथपाल खोकला. आपल्या कपाटातली, इथे शाळेतच शिकवतात त्या फ्रेंचमधल्या खूनकथांची पुस्तकं दर महिन्याला कुणाच्या पिशवीत जातात, ते त्याला ठाऊक होतं. घरी ती रव्याच्या पोत्यामागे राहायची.

“आणि काका, तुम्हाला?”

काकांनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाले, “सी स्टोरीज. बोट असते, ती दूर जाते. आयुष्यभर मी दुसऱ्यांसाठी फाटक उघडलं, मी गेलो कुठे?”

पुढचा आठवडा त्या घरात अवघड गेला, असं मावशीच म्हणाल्या. दुपारी परात पुढ्यात, हात चालू, आणि बोलायला काही नाही. काका उगाच भिंतीवरचं घड्याळ उतरवून पुसायचे. तिसऱ्या दिवशी मावशींनी पोत्यामागून पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढे टाकलं. “वाच मोठ्यानं. माझे हात भरलेत.” काकांनी वाचलं. चाळिसाव्या पानावर मावशींनी खुनी सांगितला. काका म्हणाले, छे, तो शक्यच नाही, तो बिचारा लंगडा आहे. शेवटी लंगडाच निघाला, आणि काका दोन दिवस त्या लेखकावर चिडून होते.

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी फोनच्या मागे बसायचं आणि एक शब्दही सुचवायचा नाही, अशी ताकीद होती. सिरीन पडद्यावर आली, पुढचे दोन दात पडलेली. तिनं पुन्हा तेच विचारलं. मावशींनी श्वास घेतला आणि सगळं नीट सांगितलं. मग काकांकडे बोट करून म्हणाल्या, “ही लाइक्स सी स्टोरीज. ही डझ नॉट लाइक घोस्ट स्टोरीज.”

“का नाही आवडत, आजोबा?” पोरीनं इंग्रजीत विचारलं.

काका खाकरले. “बिकॉज आय अॅम बोरिंग.”

सिरीन खुर्चीतून पडेस्तोवर हसली. मावशींनी काकांच्या दंडावर चापट मारली. “बोअर्ड, अरे, बोअर्ड! कंटाळा तुला येतो. बोरिंग म्हणजे तुझ्यामुळे लोकांना!”

“ते तर खरंच आहे,” काका म्हणाले, आणि तेही हसत सुटले.

मग पोरीनं गोष्ट मागितली. मावशींनी मोजक्या शब्दांत जुळवली: एक माणूस आहे. तो फाटकावर काम करतो. त्याला समुद्र आवडतो. तो कधी बोटीत बसत नाही.

“व्हाय?” सिरीननं विचारलं.

मावशींनी काकांकडे बघितलं, काकांनी मावशींकडे. ताबर्काचा समुद्र तर आमच्या गावाहून दोन-अडीच तासांवरच.

वसंतात, बाभळी फुलांनी पिवळ्या झाल्या तेव्हा, दोघं ताबर्काला गेले. काका एका कोळ्याच्या बोटीत बसले, तासाभरात तीनदा ओकले आणि पांढरेफटक होऊन परतले. तोवर मावशी धक्क्यावर भाजलेल्या मासळीची वाट बघत पुस्तक वाचत होत्या.

“कसं होतं?” त्यांनी विचारलं.

काकांनी तिथल्या दगडावर बसून तोंड पुसलं. “पुन्हा जायचंय,” ते म्हणाले. “पण ही मासळी खायच्या आधी.”