एक गुण कमी

पुरुषाच्या मेंदूत नकाशा असतो आणि बाईच्या मेंदूत माणसं, असं माझे मार्गदर्शक जयवंतराव सर तीस वर्षं शिकवत आलेत. माझ्या एम.ए.च्या प्रबंधानं ते सिद्धही होत आलं होतं. ताटातल्या वीस वस्तू एक मिनिट बघायच्या, मग ताट झाकून कुठे काय होतं ते कागदावर लिहायचं. तीस जोडप्यांपैकी एकोणतीस झाली होती आणि एकोणतीस घरांत नवरा जिंकला होता. प्रबंध उद्या पाचपर्यंत जमा करायचा होता. तिसावं जोडपं आणि सरांची सही तेवढी बाकी.

तिसावं जोडपं म्हणजे सुभानपुऱ्यातले माझे आईबाबा. बाबांना बारा गुण पडले. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मला अकरा दे."

मी फाइल उघडली. प्रत्येक घरात बायको बरोबर एका गुणानं मागे होती. एकोणतीस मेंदू इतक्या शिस्तीत हरत नाहीत. चूक माझीच. नवरा-बायकोला एकाच सोफ्यावर बसवून परीक्षा घेतली होती, आणि बायकोची पाळी यायच्या आधीच नवऱ्याचे गुण मोठ्यानं वाचले होते.

तसाच फतेगंजला सरांच्या घरी गेलो. चौथं जोडपं त्यांचंच होतं: सर चौदा, शैलाकाकू तेरा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, ते मला आवडलं नाही. मग त्यांनी स्वतः ताट मांडलं. लिंबू, नेलकटर, बॅटरीचा सेल, मोजून वीस.

"तेरा आले तर सही करतो. नाहीतर..." एवढं बोलून ते बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं.

काकूंनी मिनिटभर ताट बघितलं आणि भाजीची यादी करावी तसं भराभर लिहिलं. वीसपैकी वीस. लिंबाचं देठ कुठल्या बाजूला होतं तेही लिहिलं होतं. ते कुणी विचारलं नव्हतं.

काचेतून सरांची पाठ दिसत होती. समोरच्या पाण्याच्या टाकीकडे ते असे बघत होते, जणू निकाल टाकीच सांगणार आहे.

"तेरा लिही," काकू म्हणाल्या. "उद्या जमा करायचंय ने? तुझंही होईल, त्यांचंही होईल. मला सवय आहे."

मी एकाचा आकडा काढला. तीन काढायचा बाकी होता.

"किती?" बाहेरून आवाज आला.

तीन काही निघेना.

"वीस, सर."

"परत मोज."

मी बोट लावून परत मोजले. वीसच होते.

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. आत येऊन त्यांनी कागद वाचला, देठापर्यंत. सही न करता पेनाला टोपण लावलं. माझे सहा महिने गेले, हे तिथेच कळलं. मग ते काकूंसमोर बसले.

"शैला, हे कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून," काकू म्हणाल्या. "आधी दोनानं हरायचे. तुम्हाला संशय यायला लागला, म्हणून एकावर आणलं."