पुढच्या चाकांचे बारा गुण

आठ सिलिंडरची ती गाडी कंपनीने पाच वर्षं काढली आणि दरवर्षी आदल्या वर्षीची चूक निमूटपणे निस्तरली. पहिल्या साली इंजिनाची ताकद दुप्पट झाली; ब्रेक मात्र जुन्या चार सिलिंडरवालीचेच, फक्त मागच्या चाकांना. दुसऱ्या साली तापट इंजिनासाठी रेडिएटर वाढला. तिसऱ्या साली कुणाला तरी जाग आली आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक मिळाले. जाहिरातीत याला प्रगती म्हणत. म्हातारा मेकॅनिक, ज्याला सगळे टॅपेट म्हणत, तो याला कबुलीजबाब म्हणायचा.

त्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंची गाडी पहिल्या सालची. त्यांच्या वडिलांनी ती वापरलेली विकत घेतली आणि एकदा उतारावरून थेट गोदामाच्या भिंतीत घातली, तेव्हा टॅपेटनेच तिला तिसऱ्या सालचा पुढचा एक्सल ब्रेकसकट बसवला. वडील पुढे तीस वर्षं गाडी चालवून अंथरुणात, म्हातारपणाने गेले. टॅपेटच्या मते आपल्या हातून धड झालेलं एवढंच काम.

आता जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षक, मूळचा नाही म्हणून, त्याच एक्सलचे बारा गुण कापणार होते. बाईंना गाडी पहिल्या सालासारखीच हवी होती. टॅपेटने आधी गुडघ्यांचं कारण सांगितलं, मग पाठीचं. बाईंनी दोन्ही शांतपणे ऐकली आणि ठोकून सरळ केलेला जुना एक्सल माळ्यावरून काढायला लावला. भांडायला अंगात त्राण लागतं. तीन दिवस गाडीखाली काढून त्याने तो बसवला.

हात पुसत त्याने विचारलं, "ट्रक कधी येतोय?"

"ट्रक कशाला? मीच चालवत नेणार. बाबांसारखी."

टॅपेटने ठेवलेला पाना पुन्हा उचलला आणि जॅक ओढत आणला.

"काका, हे काय आता?"

"गुण हवे असतील तर ट्रक बोलवा, ताई. चालवायची तर ब्रेक लागतील. बाबांनी अशी चारच महिने चालवली."

"बाबांच्या कपाळावरचा तो व्रण... झाडावरून पडल्याचा ना?"

"झाड नव्हतं. गोदाम होतं."

बाईंनी मडगार्डवर हात ठेवला. मग त्यांनी परीक्षकांना फोन लावला आणि गाडी फेरफार केलेल्या गाड्यांच्या गटात घालायला सांगितली. तिकडून कारण विचारलं असावं.

"चालवायची आहे," त्या म्हणाल्या.

टॅपेटचं म्हणणं मान्य झालं होतं. म्हणजे ब्रेकवाला एक्सल परत बसवायला आणखी तीन दिवस. त्याने गोणपाट अंथरलं, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि परत गाडीखाली सरकला.