माझ्यावर लटपटलेले चार पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी प्लॅटफॉर्म आहे. वर्गात फळ्यासमोर असतो ना, तोच. मागच्या बाकांवरूनही शिक्षक दिसावेत, म्हणून सुताराने मला वीतभर उंच केलं. नवा होतो तेव्हा मुख्याध्यापक माझ्यावर उभे राहून म्हणाले होते, "वा, दणकट आहे!" त्यानंतर माझं कौतुक कुणी केलं नाही. झाडू मात्र रोज मिळतो.

चेहरे मला दिसत नाहीत. मी माणसं पायांवरून ओळखतो. गणिताचे सर तीस वर्षं माझ्यावर उभे राहताहेत. पूर्वी गणित सोडवायला वर आलेल्या मुलांचे पाय लटपटायचे, सरांचे कधीच नाही. आताची मुलं मात्र जागेवरूनच विचारतात, "असं का, सर?" तसं विचारलं की सरांच्या टाचा दचकतात. वरचा आवाज तोच, करडा. खालची थरथर फक्त मला कळते, आणि मलाच धडकी भरते.

परवा सरांनी आपल्या पिवळ्या पडलेल्या वहीतलं टाकीचं गणित फळ्यावर घेतलं. नळ टाकी चार तासांत भरतो, तळाची गळती ती बारा तासांत रिकामी करते. तर दोन्ही चालू असताना टाकी किती वेळात भरेल? सरांचं उत्तर आलं, तीन तास.

एक मुलगी उठून थेट माझ्यावर आली.

"सर, गळकी टाकी लवकर कशी भरेल?"

तिचे पाय फळ्याकडे वळले.

"गळती वजा करायची, तुम्ही मिळवलीय. माझ्या बाबांच्या वहीतही अस्संच आहे. तेही तुमचेच विद्यार्थी."

सरांचे गुडघे असे थरथरले की माझे खिळे कुरकुरले. आता हे हिला वर्गाबाहेर काढणार, की स्वतःच कोसळणार?

"त्यांना... तेव्हा कळलं होतं?"

"हो. पण तुम्हाला घाबरायचे. अजून घाबरतात. सकाळीच म्हणाले, 'बये, उगाच तोंड उघडू नकोस.'"

"आणि तू नाही घाबरत?"

"घाबरतेय ना, सर! पाय बघा माझे."

पाय लटपटत होते, चारच्या चार. तिलाही ते दिसलं असणार. पण ती हसली नाही.

मग डस्टर फिरल्याचा आवाज आला.

"सहा तास," सर म्हणाले. "बाबांना सांग, वही दुरुस्त करा म्हणावं."

मित्रांनो, चूक दिसली तर जरूर विचारा. फक्त विचारताना जरा पायांकडेही बघा. वर आवाज कितीही करडा असला, तरी खाली एखादं म्हातारं माणूस जीव मुठीत धरून उभं असतं.