वाटेवरची आणखी एक बाग

तपकिरी पाटीवर पांढरं फूल दिसलं की माझ्या नवऱ्याचा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागतो. गाडी मी चालवत असले तरी. आमच्या लग्नाची निम्मी हयात अशा पाट्यांमागे गेली आहे. पाटीवर बाण असतो, बाणाच्या टोकाला कुणा सरदाराची नाहीतर निवृत्त डॉक्टरची बाग असते, आणि बागेच्या टोकाला चहा आणि गाजराचा केक असतो. हॉवर्डला झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ आहेत. घरच्या बागेत मात्र कुदळ मीच मारते, आणि मी बटाटे नि घेवडा लावते, कारण ते खाता येतात.

त्या जूनमध्ये मात्र आम्ही बागा बघायला निघालो नव्हतो. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या सॉमरसेटहून निघालो होतो ते थेट स्कॉटलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, माझ्या दिराकडे. क्लाइवच्या पोटात कर्करोग पसरला होता. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्याला घरी आणून खिडकीपाशी खाटेवर ठेवलं. माझी जाऊ मोरॅग फोनवर एवढंच म्हणाली, "यायचं असेल तर आता या, मॉरीन. नंतर येऊन मला चहा करायला लावू नका."

भल्या सकाळी निघालो असतो तर संध्याकाळी पोचलो असतो. पण हॉवर्ड म्हणाला, "एका दमात कशाला? तुझी कंबर धरते. वाटेत एखाददुसरी बाग बघत जाऊ." माझ्या कमरेची एवढी काळजी त्याला कधीपासून वाटायला लागली, कोण जाणे.

भावाभावांचं वितुष्ट जुनं होतं. माझी सासू शेवटची काही वर्षं क्लाइवकडेच होती. तिचं उष्टं-खरकटं, औषधपाणी, सगळं त्याने आणि मोरॅगने केलं. ती मरायला टेकली तेव्हा हॉवर्ड एकटाच निघाला, आणि वाटेत एक बाग फुलली आहे असं ऐकून तिथे वळला. "एवढ्यात काही होत नाही," असं त्याला वाटलं होतं. तो पोचला तेव्हा ती गेली होती, तिला घरातून नेलंही होतं. अंत्यविधीला सगळ्यांत मोठं पुष्पचक्र हॉवर्डचं होतं. नंतर लोक हातात कपबशा धरून उभे असताना क्लाइव सगळ्यांदेखत म्हणाला, "हॉवर्ड, तू फुलांना मात्र अगदी वेळेवर पोचतोस." हॉवर्डने कप खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. ख्रिसमसची कार्डं जायची-यायची, पण त्यांवर सह्या आम्हा दोघी जावांच्या.

तर पहिल्या दिवशी हेरफर्डशायरमध्ये एक बाग झाली. गावच्या बायकांनी रोपं विकायला मांडली होती, तिथून हॉवर्डने तीन जिरेनियम घेतली. पुढे श्रॉपशायरमध्ये दुसरी. तिथे पांढरे फॉक्सग्लोव्ह होते, माझ्या खांद्याएवढे उंच, काठीला घंटा बांधाव्यात तसे. त्यांच्यापुढे हॉवर्ड इतका वेळ थांबला की मागची माणसं बाजूने जायला लागली.

"आईचे असेच होते," तो म्हणाला. "यंदा उगवलेली रोपं पुढच्या वर्षी फुलतात. आई वाकून त्यांचे देठ बघायची. पांढरी फुलं येणारी कुठली आणि जांभळी कुठली, ते देठावरून आधीच कळतं. जांभळी उपटून टाकायची."

"मग ठेवायची कुठली?"

"जांभळ्या देठाची," तो ठामपणे म्हणाला. आईबद्दल तो आपणहून बोलला, हेच मला नवल. मी पुढे काही विचारलं नाही.

रात्री महामार्गालगतच्या स्वस्त हॉटेलात मुक्काम केला आणि सकाळी मोरॅगला फोन लावला.

"काल विचारत होता, कुठवर आलेत म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, बागेत असतील."

"मग?"

"हसला. मग बराच वेळ खोकला. आज काही खात नाहीये, मॉरीन."

मी हॉवर्डला शब्दन् शब्द सांगितला. तो टोस्टला लोणी लावत राहिला. लावून झालेल्या टोस्टला पुन्हा लावलं. दुपारी लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाटी दिसली तर म्हणतो कसा, "नाहीतरी जेवायला थांबायचंच आहे." मी दात-ओठ खात गाडी वळवली. तलावाकाठची बाग होती, सुंदरच होती, आणि मला तिच्यातलं एकही झाड आठवत नाही. मी बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायले आणि घड्याळाकडे बघत राहिले. माझा दीर मरत होता आणि मी अंड्याचं सँडविच खात होते. मला स्वतःचीच शरम वाटली.

स्कॉटलंडात शिरलो. घर जेमतेम तासाभराच्या रस्त्यावर राहिलं, आणि वळणावर पुन्हा तपकिरी पाटी.

"ऐक ना," हॉवर्ड म्हणाला. "ही एकच. इथल्या भिंतीआडच्या बागेबद्दल—"

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागे जिरेनियमची कुंडी कलंडली आणि माती सीटवर सांडली.

"उतर," मी म्हटलं. "जा, बघून ये. मी पुढे जाते."

"मॉरीन, वेड्यासारखं करू नकोस."

"तुला बागा बघायच्या नाहीयेत, हॉवर्ड. तुला क्लाइवला बघायचं नाहीये. आईच्या वेळी तू हेच केलंस आणि आता पुन्हा तेच करतोयस. आणि या खेपेला मला सारथी केलंयस."

मूग गिळून बसण्यात त्याच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. एक ट्रॅक्टर मागून आला, थांबला, आणि कंटाळून आम्हाला वळसा घालून गेला.

"तो मला काय म्हणेल?" शेवटी हॉवर्डने विचारलं.

"म्हणेल ते ऐकून घे."

"आणि काहीच म्हणाला नाही तर?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा आवाज असा झालेला मी ऐकला नव्हता. माझा राग तिथेच निम्मा झाला. मी गाडी सुरू केली. पाटी मागे पडताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

क्लाइवचं घर दगडी, बैठं, पुढे समुद्र. मोरॅग दारातच उभी होती. माझा हात दाबून म्हणाली, "तो जागा आहे. लवकर या." मी मागे वळले, तर हॉवर्ड फाटकाशीच.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी जरा बाग बघून येतो."

मी एकटी आत गेले.

क्लाइव उशांना टेकून बसला होता. हळदीने माखल्यासारखा पिवळा, आणि एवढासा. डोळे मात्र जुनेच, टवाळ.

"तो कुठाय?"

"बागेत," मी म्हटलं. लाजेने मान वर होईना.

"अर्थात."

खिडकी उघडी होती. बाहेर भिंतीला लागून पांढरे फॉक्सग्लोव्ह उभे होते, सासूच्याच बियांचे. त्यांच्या पायथ्याशी हॉवर्ड गुडघ्यांवर बसला होता. एकेक छोटं रोप वाकवून देठ बघत होता. काही ठेवत होता, काही उपटून डाव्या मुठीत धरत होता. इतक्या काळजीने, की आई मागे उभी राहून बघतेय असं वाटावं.

क्लाइव पाहत राहिला. मग त्याने उशीवरून मान उचलली. त्यात त्याची सगळी ताकद खर्ची पडली असावी.

"हिरव्या देठाची ठेवायची, गाढवा."

हॉवर्ड जागच्या जागी थिजला. मुठीकडे पाहिलं. मुठीत सगळे हिरवे देठ.

"जांभळ्या देठाची ना?" तो खिडकीकडे न बघताच म्हणाला.

"हिरवा देठ पांढऱ्यांचा. आई दर वर्षी सांगायची." क्लाइवला धाप लागली. मोरॅगने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने हाताने दूर सारला. "पुढच्या वर्षीची होती ती."

पुढच्या वर्षी क्लाइव नसणार, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि खिडकीबाहेरच्यालाही. हॉवर्ड तसाच वाकला आणि बोटांनी माती उकरून एकेक रोप पुन्हा लावायला लागला. खांदे हलत होते. रडत होता की खणत होता, मला कळलं नाही.

"खोल लाव," क्लाइव आतून सांगत होता. "दाब. ते नको, त्याचं मूळ तुटलंय. पाणी घाल. नळ मागे आहे."

हॉवर्ड ऐकत होता. 'हो' म्हणत होता, 'बरं' म्हणत होता. वर्षानुवर्षं तुंबलेलं बोलणं रोपांच्या निमित्ताने वाहत होतं. शेवटचं रोप लागलं. तो उभा राहिला, आणि नेमका तिथेच अडला. हातात झारी, तोंड समुद्राकडे.

"आता आत ये," क्लाइव म्हणाला. "की आणखी एखादी बाग राहिलीय?"

"हात धुऊन येतो."

घरामागे नळाचा आवाज सुरू झाला. सुरूच राहिला. क्लाइवने डोळे मिटले. मोरॅगने माझ्याकडे पाहिलं, तशी मी उठले. मागे गेले, तर हॉवर्ड नळाखाली हात न धरताच उभा होता, आणि पाणी त्याच्या बुटांवरून वाहत होतं. मी नळ बंद केला, त्याचं मनगट धरलं आणि मातीच्या हातांसकट त्याला ओढत आत आणलं. बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

तो खाटेपाशी उभा राहिला. क्लाइवने डोळे उघडले, ते त्याच्या हातांवर गेले. त्याने चादरीवरून आपला हात सरकवला, हॉवर्डने तो धरला, आणि मोरॅगच्या इस्त्रीच्या चादरीवर काळी माती पसरली. मोरॅगने ती तशीच राहू दिली.

"या खेपेला फुलांच्या आधी आलास," क्लाइव म्हणाला.

हॉवर्डने मान हलवली, आणि पायाने खुर्ची ओढून बसला. हात त्याने सोडला नाही.