मागच्या खोलीतला फोन

कंपनीतली नोकरी सुटल्यावर हरेश ठाकूरने सानपाडा गावठाणातल्या घरातच, मागच्या खोलीत ऑफिस थाटलं. खोल्या-फ्लॅट भाड्याने लावून द्यायचा धंदा. फिरती खुर्ची आली, काचेचं टेबल आलं, 'ठाकूर इस्टेट्स' अशी पाटीही लागली. राहिला फोन. मोबाइलवर बोलतो तो दलाल आणि टेबलावर फोन असतो तो बिझनेसमन, असं हरेशचं ठाम मत. खरं तर त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी आपल्याला कामाचा फोन करावा आणि त्याची बेल आईने ऐकावी. नोकरी गेल्यापासून आई त्याला एका शब्दानेही टोचून बोलली नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

घरचा लँडलाइन हॉलमध्ये देव्हाऱ्यापाशी होता, आणि फोनपाशी आई. पुतळाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी गाऊन सगळे विधी लावणारी. ती आल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नसे. हरेशच्या लेखी ही म्हातारीची हौस.

तो फोन मागच्या खोलीत न्यायला आलेल्या विपुल वायरमनने आधीच विचारलं, "पॅरलल टाकू का? दोन्हीकडं उचलता येईल."

"अजिबात नको. माझी गिऱ्हाइकं काय बोलतात ते हॉलमध्ये कशाला? बेल तिकडं ऐकू गेली की बस."

विपुलने चौकटीवरून पट्टी ठोकत वायर आत नेली आणि हॉलमधला फोन काचेच्या टेबलावर आणून ठेवला. आईने एवढंच विचारलं, "माजे फोन कुठं येतील रं?"

"तुला कोन फोन करतंय, आये!"

सकाळी बेल वाजली. हरेशने ती मुद्दाम थोडी वाजू दिली, घसा खाकरला.

"ठाकूर इस्टेट्स."

"पुतलाबाय हाय का? पोराची हलद हाय."

मग करावे, दिवाळे अशा गावांतून, थेट तळोज्याहूनही फोन आले. लग्नसराई तोंडावर होती. दर वेळी आई गुडघे धरत आत यायची, फिरत्या खुर्चीत बसायची आणि हरेश भिंतीला टेकून उभा राहायचा. शेवटी कंटाळून तो स्वतःच कॅलेंडरवर तिच्या तारखा मांडू लागला. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचीही बेल वाजली नाही.

एका दुपारी मात्र सुभाषशेठचा फोन आला. नव्या टॉवरमधले फ्लॅट विकायला मिळावेत म्हणून हरेशने ज्या बिल्डरच्या ऑफिसचे उंबरे झिजवले होते, तोच हा. हरेश ताडकन उभा राहिला आणि हॉलपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "बोला सुभाषशेठ! बोला!"

"पोरीचं लगीन काडलंय. पुतलाबायची तारीख भेटंल का?"

हरेशने निमूट आईला हाक मारली आणि खुर्ची रिकामी केली. आई ऐटीत बसली. कॅलेंडर बघून तिने शेठची एक तारीख उडवून लावली, दुसरी दिली. मग म्हणाली, "आता फोन उचलला ना, तो माजा पोर हरेश. लय हुशार हाय. माजे समदे फोन तोच बगतो."

नोकरी गेल्यापासून आईने पहिल्यांदाच कुणापाशी त्याचं कौतुक केलं होतं. हरेशचे डोळे भरून आले, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. ती उठून हॉलकडे वळते न वळते तोच बेल वाजली.

हरेशने खुर्चीत बसून घसा खाकरला.

"पुतळाबाईंचं ऑफिस," तो म्हणाला. "तारीख कुठली पाहिजे?"