धाकट्या आसरेला मुराळी

धाकटीचं हे वागणं काही रीतीचं नव्हतं. जायचं तर सांगून जावं, उंबऱ्यावर दोन टिपं गाळावीत. पण मखमलाबादच्या गोजराबाईंच्या विहिरीतली सगळ्यात धाकटी आसरा गुपचूप निघून गेली, आणि तीही ऐन आषाढात, नागपंचमी महिन्यावर आली असताना. जेव्हा जगातल्या लेकी माहेरची वाट बघतात, तेव्हा ही माहेर सोडून चालती झाली.

विहिरीत आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी, असतात सात, सख्ख्या बहिणी. काठावर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड. गोजराबाईंनी पन्नास वर्षांत ताडलं होतं की बहिणींनी वार वाटून घेतलेत आणि शनिवार धाकटीकडे आहे. म्हणून तर शेजारच्या विहिरी पावसानं तुडुंब असताना यांच्या विहिरीत दर शनिवारी चिखल दिसायचा आणि रविवारी पुन्हा पाणी. असे तीन शनिवार गेले. मग शुक्रवारही आटला. म्हणजे धाकटीचं बघून सहावीचाही पाय निघाला होता.

मुलगा समाधान म्हणाला, विहीर म्हातारी झाली, सोमवारी बोअरचं मशीन बोलावलंय. सून मनीषा त्यावर बरं झालं म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. जमिनीच्या पोटात बोअर शिरला की आसरा तिथं नांदत नाहीत हे गोजराबाईंना पक्कं ठाऊक होतं. उरलेल्याही जातील, कायमच्या. हातात सोमवारपर्यंतचाच वेळ होता.

पत्ता लागला तो फुलांच्या पाटीमुळे. गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या फाटकाशी गोजराबाई झेंडू-शेवंती घेऊन बसत. तिथला वॉचमन खंडेराव तीन आठवडे एकच रडगाणं गात होता, की शनिवार आला की पोहायचा तलाव नळ न सोडता भरून वाहतो आणि त्यात काळ्या शेपटीचे बोटभर मासे फिरतात. तसले मासे गोजराबाईंनीच नवऱ्याबरोबर विहिरीत सोडले होते.

शनिवारी दुपारी त्या दोन रिक्षा बदलून तिथं पोचल्या. डोईवर पाटी नाही, हातात ताट. ताटात लाह्या, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. खंडेराव म्हणाला, फ्लॅट नंबर सांगितल्याशिवाय सोडता येत नाही. गोजराबाई म्हणाल्या, लिही, तलावात जायचंय, मुराळी म्हणून आलेय, पोरीला माहेरी न्यायला. खंडेरावला रजिस्टरचे रकाने भरल्याशी मतलब. त्यानं लिहिलं आणि फाटक उघडलं.

धाकटी शिडीवर बसली होती, पाय पाण्यात. वय हजाराच्या घरात, दिसायला पंधराची, आणि डोक्यावर कुणाची तरी विसरलेली पोहायची टोपी. गोजराबाईंकडे न बघताच तिनं येणार नाही म्हणून सांगितलं. इथं पोरं किंचाळत उड्या मारतात, कुणीतरी पाण्याकडे बघतं तरी. तिथं काय? समाधाननं मोबाइलवरनं चालणारी मोटर बसवली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून विहिरीत एक चेहरा वाकलेला नाही.

गोजराबाईंनी हातातलं ताट शिडीच्या कडेला ठेवलं. पूर्वी पोहऱ्यानं पाणी ओढताना त्यांनी काय काय सांगितलं नव्हतं त्या विहिरीला! सासूचे टोमणे, नवऱ्याचं अबोलपण, मेलेली पहिली मुलगी. माणसांसमोर त्यांची मान कधी खाली झाली नाही, ती विहिरीसमोर झाली म्हणून.

"लग्नानंतरची पहिली पंचमी," आसरा म्हणाली. "सगळ्यांचे भाऊ न्यायला आले. तू गाठोडं घेऊन माझ्या काठावर बसली होतीस. तेवढ्यात सासूनं हाक मारली आणि सांगायचं राहून गेलं. पुढं काय झालं?"

ती गोष्ट गोजराबाईंनी पोटच्या पोरालाही सांगितली नव्हती. त्या शिडीजवळ खाली बसल्या.

"काय व्हायचं? कुणी आलं नाय. भाऊ रुसला होता, सोयरिकीवरनं. दिवेलागण झाली तवा गाठोडं सोडलं, लुगडं घडी घालून ठेवलं. दुसऱ्या वर्सापासनं वाट बघितली नाय."

तलावाचं पाणी बोटभर खाली गेलं. मग आणखी बोटभर. मासे शिडीपाशी गोळा झाले.

"मी अजून रुसलेलीच आहे," आसरा पुटपुटली.

गोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला.

"रुस. पण ऐकून घे. तीन वर्सं विहिरीत डोकावले नाय, ही चूक माझी. लेकासमोर कबूल करायची नाय, तुझ्यासमोर करते. बोअरवाल्याला मीच माघारी लावीन, ते माझ्याकडं लागलं. पण न सांगता गेलीस, हा माज तुझा. आन मुराळी दारात उभा असताना जी पोर पाय पाण्यात घालून बसती, तिला वाट बघणं काय असतं ते कळलेलंच नाय. ऊठ."

आसरेनं टोपी काढून शिडीला अडकवली आणि बांगड्यांसाठी हात पुढं केला.