व्यंकटीची जागा

चांगुणा कबरस्तानातून दगड काखोटीला मारून घरी आली आणि तिनं तो दाणकन व्यंकटीच्या पायाशी टाकला. व्यंकटी बाजेवर बसून तंबाखू मळत होता. त्यानं आधी पाय वर घेतले, मग विचारलं, "ह्यो कुठला?"

"तुमचा," ती म्हणाली. "पाळकसायबानं उचलायला लावला."

कवठ्याच्या वाडीतल्या ख्रिस्ती मंडळींची एक रीत होती. कबरस्तान लहान, माणसं वाढलेली. म्हणून ज्याला त्याला आपली जागा जिवंतपणीच ठरवून ठेवायची सवय लागली होती. आपल्या माणसांच्या कबरीशेजारी एक दगड नेऊन ठेवायचा, की झाली जागा. चांगुणानं बापाच्या कबरीशेजारी दोन दगड ठेवले होते. एक तिचा, एक नवऱ्याचा. नवे पाळकसाहेब, मन्मथराव त्यांचं नाव, देगलूरकडचे, नियमाला एकदम कडक. त्यांनी वही काढली, बोट फिरवलं आणि सांगितलं की व्यंकटरावांचा बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा त्यांचा दगड इथं राहू शकत नाही.

यात पाळकांची चूक म्हणाल, तर काडीची नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी व्यंकटी मिशनच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून आला, तेव्हा त्याच्या घरचं दैवत खंडोबा. चांगुणाशी जमलं. त्या वेळचे पाळक मवाळ होते. लग्न लावून देतो, बाप्तिस्मा सवडीनं घे, असं म्हणाले. व्यंकटी म्हणाला, पुढच्या रविवारी घेतो. तो पुढचा रविवार काही उगवला नाही. वाडीत त्याची म्हणच पडली. शिंप्याकडे चोळी कधी शिवून मिळेल म्हणून विचारलं की बायका म्हणायच्या, "व्यंकटीच्या रविवारी देतोस का रं बाबा?"

बरं, माणूस देवापासून लांब होता, असंही नाही. दर रविवारी मिशनच्या देवळाच्या उंबऱ्यावर बसायचा, एक पाय आत, एक बाहेर. गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचा. सतरंज्या घालायच्या-काढायच्या त्यानंच. मात्र प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरायला लागला की हा उठून टायरची हवा बघायला जायचा. का, म्हणून कुणी विचारलंच तर सांगायचा की एकदा पाण्यात उतरलो की मागचा गिअर नाही, आणि आपल्याला तंबाखूसुद्धा सोडवत नाही, तर बाकीचं काय सोडवणार? खरं तर त्याला शब्द मोडायची भीती वाटे. म्हणून तो देतच नव्हता.

"मंग मी तिथं एकटी पडू का?" चांगुणानं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई हट्टी होती, पण रडकी नव्हती. व्यंकटीनं तंबाखू तशीच पुडीत टाकली, दगड उचलून भिंतीला लावून ठेवला आणि म्हणाला, "चल पाळकसायबाकडं."

पाळकसाहेबांना आनंद झाला. त्याच महिन्यात त्यांनी देवाच्या निवडीवर उपदेश केला होता. जग व्हायच्या आधीच देवानं आपली माणसं निवडून ठेवलेली असतात, ज्याला बोलावलं तो आल्याशिवाय राहत नाही, असं त्यांनी तासभर समजावलं होतं. आता सव्वीस वर्षांचा उंबऱ्यावरचा माणूस आपल्या पायानं आलेला पाहून उपदेश लागू पडला, असं त्यांना वाटलं. पण अडचण पुढंच होती. त्यांच्या पंथात बाप्तिस्मा म्हणजे अख्खा माणूस पाण्याखाली. आणि देवळातला हौद दोन वर्षं कोरडा ठणठणीत. त्यात कोंबडीनं अंडी घातली होती.

थोडं शिंपडून चालणार नाही का, असं चांगुणानं भीत भीत विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, शिंपडतात ते भाजीवर.

दुष्काळच तसा होता. जिल्हा नवा झाला होता, कलेक्टर नवा, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग नवा. पाणी मात्र नव्या जिल्ह्यालाही नव्हतं आणि जुन्यालाही. विहिरींचे तळ दिसत होते. आणि गंमत बघा, त्याच वाडीला पाणी पुरवणाऱ्या सरकारी टँकरवर ड्रायव्हर कोण? तर आपला व्यंकटी. जळकोटच्या रस्त्यावरच्या एका विहिरीवर टँकर भरायचा आणि चार वस्त्यांना वाटायचा. टँकरच्या दारावर 'जिल्हा लातूर' असं रंगवलं होतं आणि त्याखालून जुनं 'उस्मानाबाद' अजून डोकावत होतं.

शनिवारी भरला टँकर घेऊन व्यंकटी त्यातल्या भीमनगर वस्तीकडं निघाला होता. वाट देवळावरून. दारात पाळकसाहेब आणि चांगुणा उभे. हौद झाडून, पुसून स्वच्छ केलेला. कोंबडी हाकललेली. पाळकसाहेबांनी काही मागितलं नाही, ते फक्त म्हणाले की देवानं ज्याला निवडलं त्याच्यासाठी पाणी दारात येतं. आणि पाणी दारात उभं होतंच, मागं डुचमळत.

व्यंकटी खाली उतरला, टँकरच्या मागं गेला आणि त्यानं व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. पाइप हौदापर्यंत सहज पुरला असता. वाटेत गळती झाली, एवढं वहीत लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. सगळेच लिहीत होते. चांगुणा त्याच्याकडं बघत होती. तिचं ते बघणं व्यंकटीला सव्वीस वर्षांत कधी टाळता आलं नव्हतं. पण त्याला दिसत होती भीमनगरातली नागुबाई. रांग लावायचं काम तिचं. सगळ्यांना पुढं घालून स्वतःची घागर ती शेवटी ठेवायची, आणि शेवटच्या घागरीला पाणी पुरेल की नाही, हे तिला रोज शेवटीच कळायचं. हौद भरला तर आज तिच्यापर्यंत पाणी पोचणार नव्हतं, आणि तिच्या पुढच्या कितीजणींपर्यंतही नव्हतं.

त्यानं चाकावरचा हात काढला, धोतराला पुसला आणि गाडीत चढला.

रात्री चांगुणानं भाकरी त्याच्यापुढं ठेवली ती तोंड फिरवूनच. शेवटी म्हणाली, "देवानं दारात बोलावलं आन् तुमी गाडी चालू केली."

त्याला झोप आली नाही. सकाळी उठून तो सरळ पाळकसाहेबांकडं गेला. ते दात घासत होते. व्यंकटीनं त्यांना तोंड धुऊ दिलं, तेवढा रीतभात पाळणारा होता, आणि मग विचारलं.

"सायेब, सगळं आधीच ठरलेलं हाय म्हनता. मंग काल मी पानी सोडलं असतं, तर ते बी ठरलेलंच?"

पाळकसाहेब म्हणाले, देवाला सगळं ठाऊक असतं.

"म्हंजे चोरी देवाच्या नावावर?"

"छे! असं कसं? चोरी तुमची. पापाचा धनी माणूसच."

"हाव. मंग जी चोरी न्हाई केली, ती कुनाची?"

पाळकसाहेबांनी टॉवेलानं तोंड पुसलं. शिकलेला माणूस होता. या प्रश्नाला जाड जाड ग्रंथांत उत्तर आहे, हे त्यांना ठाऊक होतं. चांगल्या कामाचं श्रेय देवाच्या कृपेचं, असं ते एरवी चटकन म्हणाले असते. पण आदल्या दिवशी ते स्वतः त्या हौदापाशी उभे होते आणि व्यंकटीनं चाक फिरवावं असं त्यांना मनातून वाटत होतं, हे त्यांना आता आठवलं. कृपा त्या वेळी कुणाच्या बाजूनं उभी होती, हा प्रश्न अवघडच होता. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग ते हसले, अगदी मनापासून. "व्यंकटराव," ते म्हणाले, "तुम्ही उंबऱ्यावर बसून फार लक्ष देऊन ऐकता. हे काही बरं नाही."

तिथून पुढं दोघांचं जमलं. आणि तोडगा निघाला तो व्यंकटीच्या रोजच्या कामातून.

सरकारी हुकूम होता, पंधरा दिवसांतून एकदा टँकर आतून घासून धुवायचा. त्यासाठी विहिरीवर जास्तीचं पाणी वेगळं मिळायचं आणि तशी वहीत नोंद व्हायची. ते वाटपातलं नव्हतं. धुवायची व्यंकटीची एक रीत होती. पुढची चाकं चढावर घ्यायची, म्हणजे पाणी सगळं मागं गोळा होतं आणि गाळ व्हॉल्व्हातून निघून जातो. पहिलं पाणी ब्लिचिंग पावडरचं. दुसरं साधं, खळबळून सोडायचं. त्या दुसऱ्या पाण्याला मागच्या बाजूला मांडीभर खोली येते. माणूस बसला आणि मागं लवला, तर नाकासकट बुडतो.

पाळकसाहेब आधी नाराज. धुण्याचं पाणी, गंजाचा वास, हे कसं चालेल? व्यंकटी म्हणाला, "येशूच्या बाप्तिस्म्याला यार्देन नदीचं पानी कुनी गाळून घेतलं होतं का, सायेब?" पाळकसाहेबांनी त्यावर विचार केला आणि पांढरा झगा घरीच ठेवला.

पुढच्या रविवारी प्रार्थना उरकल्यावर, देवळामागच्या चढावर टँकर उभा राहिला. पहिलं धुणं करून झालं होतं. मंडळी खाली सतरंजीवर. व्यंकटी सवयीनं वरच्या झाकणातून आत उतरला. पाळकसाहेब मात्र झाकणात कमरेपाशी अडकले, आणि दोघा वडीलधाऱ्यांनी वरून खांदे दाबून त्यांना आत ढकललं. चांगुणा टँकरच्या पत्र्याला कान लावून उभी राहिली. दिसत तर काहीच नव्हतं.

आत अंधार आणि आवाज घुमणारा. पाळकसाहेबांनी विचारलं, नवं नाव घ्यायचं का? पुष्कळ जण घेतात. व्यंकटी म्हणाला, "नको. रांगेतल्या बाया व्यंकटी म्हनूनच हाका मारत्यात. मी ओ देनार न्हाई, पानी वाटायचं ऱ्हाईल." मग देवावर विश्वास ठेवतोस का, हा प्रश्न त्याला विचारला गेला, आणि त्यानं "हाव" म्हटलं. ते "हाव" टाकीच्या पत्र्यावर आपटून दोन-तीनदा परत आलं. सव्वीस वर्षं दिला नव्हता तो शब्द त्यानं दिला आणि तो मागं लवला.

बाहेर चांगुणाला पाण्याचा एक मोठा आवाज ऐकू आला, मग बराच खोकला. ती पत्र्याला टेकून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे गळायला लागले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

वर येताना पाळकसाहेब पुन्हा अडकले. तिथंच, अर्धे आत, अर्धे बाहेर, ओलेचिंब, ते खालच्या व्यंकटीला म्हणाले, "तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही."

"ऱ्हाऊ द्या," खालून आवाज आला. "पुढच्या रविवारी सांगा."

अख्खं कबरस्तान जागं होईल एवढी मंडळी हसली.

दुसऱ्या धुण्याचं साधं पाणी नेहमी भीमनगरच्या गुरांना जायचं, ते तसंच गेलं. नागुबाई बादल्या घेऊन आली होती. कुणीतरी तिला झाला प्रकार सांगितला. तिनं व्यंकटीकडं नीट बघितलं. कपडे अंगाला चिकटलेले, डोळे लालबुंद. "डायवरभाऊ," ती म्हणाली, "त्या शनवारी माझ्या घागरीला पानी आलं होतं बगा. काठोकाठ." व्यंकटीनं मान खाली घातली. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते त्यानं विचारलं नाही. तिच्या वासरानं बादलीत तोंड घातलं आणि एका दमात तळ गाठला.

त्या दिवशी प्रभुभोजन मुद्दाम बाप्तिस्म्यानंतर ठेवलं होतं, तेव्हा व्यंकटी आत बसला होता, चांगुणाच्या पलीकडच्या रांगेत, पुरुषांत. प्याला त्याच्यापर्यंत आला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. उंबऱ्यावर मात्र सगळ्यांची नजर उगीच जाऊन येत होती. तिथल्या दगडाला त्याच्या बैठकीनं चांगली गुळगुळीत खोलगट जागा पडली होती. ती रिकामी बघून एका म्हातारीला चुकल्याचुकल्यासारखं झालं, आणि तसं ती बोललीही.

ऊन उतरल्यावर व्यंकटीनं भिंतीला लावलेला दगड खांद्यावर घेतला आणि दोघं कबरस्तानात गेली. जमीन तापून दगडासारखी झाली होती. चांगुणानं पदरानं जागा झाडली, दगड ठेवला, मागं सरकून बघितला, पुन्हा थोडा फिरवला.

"घाई हाय का तुला?" व्यंकटीनं विचारलं.

"घाई कशाची? यष्टीत आपन जागेवर रुमाल टाकतो, तसं," ती म्हणाली. "रुमाल टाकला म्हंजे लगीच गाडी सुटत न्हाई."

तो हसला. खिशातली तंबाखूची पुडी काढली, हातात खेळवली आणि परत ठेवली. आजचा दिवस तरी नको. चांगुणा वाटेला लागली. उद्या पहाटे टँकर भरायचा होता, तिला पीठ मळायचं होतं.

व्यंकटी जरा मागं राहिला. दोन दगडांच्या मध्ये हातभर अंतर होतं. ती वळून बघत नाही अशी खात्री करून त्यानं आपला दगड पायानं हळूच तिच्या दगडाकडं सरकवला, आणि मग तिच्या मागं चालायला लागला.